कोपऱ्यात १२ अंश कुठून आले?

प्रश्न : डायलॉग एपीएल या प्रोग्रामिंग भाषेत ‘स्टेन्सिल’ (तक्त्यावर खिडकी सरकवत प्रत्येक जागी आपलं फंक्शन चालवणारी क्रिया) लावून ५×५ तक्त्यातल्या तापमानांची ३×३ खिडकीने सरासरी काढते. सगळीकडे २७ भरून पाहिलं, तर कोपऱ्यात १२ आणि कडेला १८ येतात. माझं काय चुकतंय?

उत्तर : ताई, तुम्ही सगळीकडे एकच आकडा भरून पाहिलात, हे फार चांगलं केलंत. मी ते न केल्यामुळे माझा एक नकाशा कडेने थंडगार दिसत होता आणि दोन दिवस मी मोजमापांवरच संशय घेत बसलो.

खिडकी कडेबाहेर जाते तिथे स्टेन्सिल शून्यं भरतं. कोपऱ्यात खरे आकडे चारच, शून्यं पाच : १०८ भागिले ९, म्हणजे १२. कडेला खरे सहा, म्हणून १८.

उपाय त्यातच आहे. प्रत्येक अक्षावर (उभ्या आणि आडव्या) शून्यांच्या किती ओळींची भर घातली, ते तुमच्या फंक्शनला डाव्या बाजूच्या आर्ग्युमेंटमधून मिळतं. शेवटाकडची भर ऋण असते, म्हणून चिन्ह काढा. प्रत्येक अक्षाचा आकडा ३ मधून वजा करून आलेल्या दोन उत्तरांचा गुणाकार घ्या. कोपऱ्यात २×२, म्हणजे ४. बेरजेला त्यानेच भागा.

‘जे’ (J) नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत अशाच कामाचं एक ‘कट’ फक्त पूर्ण खिडक्या घेतं. तिथे उत्तर ३×३ चंच येतं. तुम्हाला कडा हव्या आहेत, तेव्हा स्टेन्सिल सोडू नका.