स्वॅप होत नाही म्हणून कोडिंग सोडू का?

रावेर तालुक्यातल्या एका मुलाचं पत्र आलंय, कॉम्प्युटर डिप्लोमाच्या सेकंड इयरला आहे. सी भाषेत दोन नंबर स्वॅप करायचं, म्हणजे त्यांची अदलाबदल करायचं फंक्शन आधी साधं लिहिलं, नाही चाललं, मग पॉइंटर लावले, कॉल करताना & पण लावलं, तरी मेनमधे, म्हणजे मुख्य प्रोग्रॅममधे, नंबर जिथल्या तिथे आणि एरर पण नाही. पप्पा म्हणतात सोड ते, केळीत ये. विचारतो, सी सोडून डायरेक्ट जावा करू का?

अरे भो, तुझ्या कोडचा फोटो झूम करून बघितला. तू शेवटच्या तीन ओळींत चुकलाय, करिअरमधे नाही.

सी फंक्शनला नेहमी झेरॉक्स देते. नेहमीच. पहिल्या वेळी तू ए आणि बी हे दोन नंबर दिले म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स दिली, आता झेरॉक्सवर नाव खोडून दुसरं लिहिलं म्हणून तलाठ्याकडची नोंद बदलते का? फंक्शन संपलं की ती झेरॉक्स पण गेली.

पॉइंटर म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेला गट नंबर. समजा मेमरीत ए चा पत्ता 2000, बी चा 2004. & लावलं की हे आकडे फंक्शनला जातात, तुझ्या पी पॉइंटरमधे 2000 आणि क्यू पॉइंटरमधे 2004, आणि गंमत म्हणजे ह्या चिठ्ठ्या पण झेरॉक्सच असतात, पण त्यावरचा नंबर खरा असल्यामुळे तो धरून शेतात जाता येतं आणि घड कापला तर खऱ्या बागेतला कापला जातो. शेतात जायचं म्हणजे स्टार (*) लावायचा.

तू काय केलंय, टेम्प नावाचा तात्पुरता डबा घेऊन टेम्प = पी, पी = क्यू, क्यू = टेम्प. टेम्पला पण पॉइंटर करून टाकलंय म्हणून कोड तपासणारा कंपायलर गप्प बसला. म्हणजे बांधावर उभं राहून हातातल्या दोन चिठ्ठ्या ह्या हातातून त्या हातात घेतल्या, शेतात पाऊलच टाकलं नाही! टेम्प साधा इंट (पूर्ण आकड्याचा डबा) ठेव, मग टेम्प = *पी, *पी = *क्यू, *क्यू = टेम्प. बस. कीबोर्डवरून नंबर घेणाऱ्या स्कॅनएफमधे & का लावतात ते पण आता कळलं असेल, तो तुझ्या डब्यात नंबर टाकणार तर डबा कुठे आहे ते त्याला सांगायला नको?

आता जावाचं. तिथे पण मेथडला, म्हणजे तिथल्या फंक्शनला, कॉपीच जाते, दोन इंट असे स्वॅप तिथेही होत नाहीत आणि पत्ता द्यायला & पण नाही, म्हणजे ह्याच्यापासून पळून तिकडे गेलास तर हाच प्रश्न दुसऱ्या कपड्यात भेटेल. जावा शीक, जरूर शीक, पण पॉइंटरला घाबरून नको. सी 1972 च्या आसपास बेल लॅब्समधे डेनिस रिची यांनी बनवली, जुनी म्हणून हसतात पोरं, पण लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल, म्हणजे गाभा, आजही बहुतेक सी मधेच आहे आणि एम्बेडेडमधे, म्हणजे मशीनच्या आतल्या चिपचे प्रोग्रॅम लिहायला, जायचं तर पॉइंटरशिवाय पानच हलत नाही.

केळीत जायला काही कमीपणा नाही, पण ते आवडतं म्हणून जा, एका स्वॅपवर रुसून नको. आज रात्री लॅपटॉप बंद ठेव, वहीत चार चौकोन काढ, ए, बी, पी, क्यू, खाली पत्ते लिही आणि तुझा जुना कोड आणि नवा कोड दोन्ही ओळीओळीने पेन्सिलने चालवून बघ. त्या पानाचा फोटो पाठव, मग डिप्लोमानंतर डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंग घ्यायचं का नोकरी, ते पप्पांना पण फोनवर घेऊन बोलू.