अँटिबॉडी बदलण्याआधी सेंट्रिफ्यूजची त्रिज्या मोजा

आपला प्रश्न वाचताना माझीच जुनी वही पुन्हा उघडल्यासारखे वाटले. सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तात एंडोथेलियमपासून, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरापासून, सुटलेले सूक्ष्मकण आपण फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे लेझरच्या प्रकाशात एकेक कण मोजणाऱ्या यंत्रावर, मोजत आहात. निरोगी गटाचा आकडा रुग्णांपेक्षा जास्त येतो, गोठवून ठेवलेला नमुना पुन्हा मोजला की आकडा अनेक पटींनी फुगतो, आणि मार्गदर्शक सांगतात की अँटिबॉडी, म्हणजे कण ओळखण्यासाठी लावलेले चमकते प्रथिन, दुसऱ्या कंपनीची घ्या. नागपुरातच याच विषयावर पीएच.डी. करताना माझ्या हाती हेच निकाल आले होते आणि सल्लाही हाच मिळाला होता. मी नवी अँटिबॉडी मागवली, तिची दोन महिने वाट पाहिली, आणि ती आल्यावरही आकडे जिथे होते तिथेच राहिले. म्हणून आपल्याला आग्रहाने सांगते की अँटिबॉडीला हात लावू नका. नमुना फ्रीजरमध्ये जाण्यापूर्वी त्याचे काय झाले, हे आधी शोधा.

माझी चूक अशी झाली. रुग्णांचे रक्त मी स्वतः वॉर्डातून घेत असे आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात, दोनदा फिरवत असे. निरोगी व्यक्तींचे नमुने मात्र एका संकलन केंद्राकडून येत, आणि तिथे ते आधीच फिरवून, प्लाझ्मा वेगळा करून, गोठवून ठेवलेले असत. त्यांच्या नोंदवहीत प्रत्येक नमुन्यासमोर ‘३०००, १५ मिनिटे’ एवढेच लिहिलेले होते. मी ते ३००० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पट बल, असे वाचले, कारण मी स्वतः जी मध्ये लिहीत असे. प्रत्यक्षात ते ३००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे, होते. त्यांच्या टेबलावरच्या लहान सेंट्रिफ्यूजमध्ये त्रिज्या जेमतेम १० सेंटिमीटर होती, आणि तेवढ्या त्रिज्येवर ३००० आरपीएमने मिळणारे बल सुमारे १००० जी इतकेच असते. २५०० जी हवे असतील तर त्याच यंत्रावर सुमारे ४७०० आरपीएम लागतात. त्यातही ते नमुना एकदाच फिरवत. त्यामुळे त्या प्लाझ्मामध्ये बिंबाणू (प्लेटलेट) भरपूर उरत, उणे ८० अंशांना गोठताना आणि पुन्हा वितळताना ते फुटत, आणि त्यांच्या पटलाचे, म्हणजे बाहेरच्या आवरणाचे, हजारो तुकडे माझ्या गेटमध्ये, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या चौकटीत, येऊन बसत.

यात फसगत कशी होते, हे नीट पाहावे लागते. सीडी३१ हे पेशीच्या पृष्ठभागावरचे खुणेचे प्रथिन एंडोथेलियमवर असते तसे बिंबाणूंवरही असते, म्हणून आपण सीडी३१ धन (ती खूण असलेले) आणि सीडी४१, म्हणजे बिंबाणूंची खूण, ऋण (ती नसलेले) असे कण एंडोथेलियमचे मानतो. पण बिंबाणूच्या लहानशा तुकड्यावर सीडी४१ इतके थोडे असू शकते की त्याची चमक यंत्राच्या उंबरठ्याखाली राहते आणि तो तुकडा ‘ऋण’ ठरतो. पीटर वुल्फ यांनी १९६७ साली ज्या कणांना बिंबाणूंची धूळ म्हटले, ती धूळ मी चौदा महिने एंडोथेलियमच्या नावावर मांडत होते, आणि तीही मुख्यतः निरोगी गटात. निरोगी माणसाचा आकडा रुग्णाच्या वर जाण्याचे कारण एवढेच होते.

त्या केंद्राबद्दल थोडे बोलल्याशिवाय मला राहवत नाही. रोटरची (यंत्रातल्या फिरणाऱ्या भागाची) त्रिज्या किती आणि वेग कोणत्या एककात, हे दोनच प्रश्न मी लेखी विचारले होते. तीन पत्रांनंतर ‘आमची कार्यपद्धती प्रमाणित आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले, आणि यंत्र पाहू द्या म्हटल्यावर वरच्या परवानगीचे कारण पुढे झाले. शेवटी तिथल्या एका तंत्रज्ञाने सद्भावनेने झाकण उघडून दाखवले आणि मी शिवणकामाच्या टेपने त्रिज्या मोजली. रुग्णांनी वेदनेत असताना दिलेले रक्त अशा मौनापायी वाया जावे, याचा मला आजही राग येतो.

रुग्णांचा आकडा का वाढायला हवा, हे आपल्याला ठाऊकच असेल. तरी गेट ठरवताना ते डोळ्यांसमोर ठेवावे, म्हणून थोडक्यात लिहिते. सिकलसेलमध्ये कडक झालेल्या लाल पेशी अस्तराला चिकटतात, प्रवाह अडतो आणि पुन्हा सुटतो, फुटलेल्या पेशींतले हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग, मोकळे होते, आणि टीएनएफसारखे दाहकारक संदेश वाढतात. अशा ताणाखाली एंडोथेलियल पेशीत कॅल्शियम चढते. त्याने फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध घटक पटलाच्या आतल्या थरात राखणारी यंत्रणा मंदावते, स्क्रॅम्ब्लेज दोन्ही थरांची सरमिसळ करते, कॅल्पेन पटलाखालचा सांगाडा कापते, आणि सैल झालेले पटल फुगून साधारण १०० ते १००० नॅनोमीटरचे कण सुटतात. पेशी नुसती चेतवली गेली असेल तर कणांवर ई-सिलेक्टिन, म्हणजे सीडी६२ई, ठळक दिसते. पेशी मरणपंथाला लागली असेल तर सीडी३१ आणि अ‍ॅनेक्सिन (फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटणारे प्रथिन) यांचे पारडे जड होते. त्यामुळे वेदनेच्या झटक्यात घेतलेले आणि स्थिर अवस्थेत घेतलेले नमुने एकाच गटात टाकणे मला मुळीच मान्य नाही. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध कोण घेत आहे, याचीही नोंद वेगळी ठेवा.

माझे मत स्पष्टच सांगते: केवळ सीडी३१ धन, सीडी४१ ऋण या जोडीवर उभा असलेला एंडोथेलियमचा आकडा मी मानत नाही. त्याला सीडी६२ई किंवा सीडी१४४ या एंडोथेलियमच्या खुणांची साथ हवी. हे कण मोजकेच सापडतात आणि संख्या केविलवाणी दिसते, पण प्लाझ्मातले बहुतेक कण बिंबाणूंच्या कुळातले असल्यामुळे ती तशीच दिसायला हवी. सिकलसेलमध्ये लाल पेशींचे कणही खूप असतात, म्हणून सीडी२३५ए ही लाल पेशींची खूण लावून ते बाजूला काढा. नुसत्या अ‍ॅनेक्सिनवर विसंबलात तर तेच मोजत बसाल. अ‍ॅनेक्सिनला कॅल्शियम लागते, त्यामुळे ईडीटीए (कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारे रसायन) घातलेला नमुना त्या कामाचा नाही, आणि फॉस्फेटच्या बफरमध्ये कॅल्शियम घातले तर कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक तयार होऊन तेही कण म्हणून मोजले जातात. नमुन्यात ट्रायटन हे पटल विरघळवणारे द्रव्य घालून पुन्हा मोजा: पटलाचे कण नाहीसे होतात, स्फटिक तसेच राहतात. मात्र बिंबाणूंचे तुकडेही पटलाचेच असल्याने ते या चाचणीत पकडले जात नाहीत, हे लक्षात ठेवा.

रक्त घेताना २१ गेजची सुई वापरा, पट्टा फार घट्ट बांधू नका, पहिली नळी बाजूला ठेवा आणि ३.२ टक्के सायट्रेटच्या नळीतलेच रक्त घ्या. मग दोन तासांच्या आत २५०० जीवर १५ मिनिटे असे दोनदा फिरवा, आणि प्रत्येक वेळी तळाजवळचा प्लाझ्मा उचलण्याचा मोह टाळा. नळ्या उभ्याच न्या. दुचाकीच्या डिकीत आडव्या टाकलेल्या नळ्या मी पाहिल्या आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बर्फात घालून नेण्याची इच्छा होते, पण गार झालेले बिंबाणू स्वतःच चेतवले जातात. मी जाड थर्माकोलच्या डब्यात बाटलीभर साधे पाणी ठेवून, आत तापमापी लावून, सकाळी आठच्या आत नमुने हलवत असे. झटपट गोठवण्यासाठी द्रव नायट्रोजन मिळत नसेल तर जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या व्यवस्थेकडे चौकशी करा. तिथे तो नियमित लागतो.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे या आकड्यांवरून कोणाच्या उपचारांबद्दल काहीही ठरवू नये. माझा अनुभव एका जुन्या यंत्राचा आहे. आपले यंत्र अधिक लहान कण पाहत असेल, तर माझे उंबरठे जसेच्या तसे उचलू नका. यंत्र जुळवायला वापरतात ते पॉलिस्टायरीनचे मणी त्याच आकाराच्या पटलकणापेक्षा बराच जास्त प्रकाश विखुरतात, हेही विसरू नका.

जुने नमुने फेकण्याआधी एक करा. एकाच निरोगी व्यक्तीचे रक्त घेऊन अर्धे केंद्राच्या पद्धतीने आणि अर्धे दोनदा फिरवून गोठवा, आठवड्याने दोन्ही एकत्र वितळवा आणि सीडी४१ धन कणांची संख्या शेजारी शेजारी लिहा. माझ्या वहीत त्या दोन रकान्यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले होते. आपले दोन रकाने आणि केंद्रातल्या रोटरची त्रिज्या कळवा. निरोगी गटातले किती नमुने अजून वाचवता येतील, ते आपण मिळून पाहू.