संत्रं पुढे गेल्यावर आलेलं उत्तर

प्रश्न : काटोल रोडला आमचं संत्र्यांचं ग्रेडिंग-वॅक्सिंग युनिट आहे. कॅमेरा सेकंदाला २ एमबीचा एक फोटो काढतो, तो मुंबईच्या क्लाउडवर जातो, तिथून प्रत ठरून येते आणि फ्लॅप फळ वळवतो. पट्ट्याचा वेग सेकंदाला ५० सेंमी, कॅमेऱ्यापासून फ्लॅप ४५ सेंमी, अपलोड २० एमबीपीएस. सकाळी चोख चालतं. दुपारी तीनला सीसीटीव्हीचा बॅकअप लागला की डागी फळं पहिल्या प्रतीत जातात. १०० ची लाइन घ्यावी का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आकडे दिलेत हे फार बरं केलंत. संत्रं फ्लॅपपाशी ०.९ सेकंदात पोहोचतं. २ एमबी म्हणजे १६ मेगाबिट. तुमच्या लाइनवर सेकंदाला २० मेगाबिट चढतात, म्हणजे फोटो चढायलाच ०.८ सेकंद लागतात. मुंबई लांब म्हणून उशीर होतो, असं पुष्कळांना वाटतं. पण फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. आठशे किलोमीटर जाऊन यायला त्याला जेमतेम ८ मिलिसेकंद लागतात. अडतं ते तुमच्या दारातच. नुसत्या फोटोंनीच लाइन ८० टक्के भरलेली असते. बॅकअप लागला की मागे रांग, आणि उत्तर येईपर्यंत संत्रं निघून गेलेलं.

१०० च्या लाइनवर ०.८ चे ०.१६ होतील. फरक पडेल, तरी मी तेवढ्यावर थांबणार नाही. इथे सरासरी बघून चालत नाही, सगळ्यात वाईट क्षण बघावा लागतो. प्रत पट्ट्याशेजारच्या छोट्या संगणकावरच ठरवा. सिस्कोच्या संशोधकांनी २०१२ मध्ये याच रचनेला ‘फॉग’ म्हटलं : ढग वर, धुकं जमिनीलगत. फोटोंचा साठा, अहवाल, प्रत ठरवणाऱ्या मॉडेलला नवी फळं शिकवणं हे रात्री मुंबईला जाऊ द्या.

खरी गोम पुढेच आहे. त्याच डब्यावर, म्हणजे पट्ट्याशेजारच्या संगणकावर, तुम्ही शीतगृहाचं तापमान, लेबल, अहवाल चढवणार; सगळेच चढवतात. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी असा डबा बसवला आणि ‘आधी आलं ते आधी’ हा क्रम ठेवला. शिफ्ट बदलताना अहवाल सुरू झाला आणि त्याच्यामागे पट्ट्याचे निर्णय ताटकळले. ती चूक माझी होती, अजून सलते. तेव्हापासून मी एकच क्रम लावतो : ज्याची मुदत आधी संपते ते काम आधी, हातातलं थांबवूनसुद्धा. लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्ये सिद्ध केलं की ठरावीक अंतराने येणारी, एकमेकांवर न अवलंबणारी कामं एका प्रोसेसरवर असतील, प्रत्येकाला पुढच्या फेरीपर्यंत मुदत असेल आणि एकूण भार, म्हणजे प्रोसेसरचा कामात जाणारा वेळ, १०० टक्क्यांच्या वर नसेल, तर या क्रमाने एकही मुदत चुकत नाही. तुमची मुदत फेरीहून थोडी कमी आहे, म्हणून भार बराच खाली ठेवा.

भार वर गेला की हाच क्रम घात करतो. उशीर झालेलं काम पुढच्याचा वेळ खातं, मग एकामागून एक सगळीच चुकतात. म्हणून ०.९ सेकंद उलटलेला फोटो सोडून द्यायला सांगा. ते फळ पट्ट्याच्या टोकाला जाऊ दे. तिथे निवडणाऱ्या बायांची नजर आहेच.

आणि डबा वॅक्स वाळवणाऱ्या गरम बोगद्यापासून लांब बसवा. तापला की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. जानेवारीत ६० टक्क्यांवर बसवलेला भार एप्रिलात, मृग बहाराची शेवटची गाडी भरताना, शंभराच्या पार गेलेला असेल.