पत्रावर कलम कुठलं, ते आधी बघा

प्रश्न : शिकायला सप्टेंबरमध्ये इंग्लंडात लीड्सला आलो. सकाळी पावणेनऊच्या गाडीत माझ्याकडे तरुणांच्या रेलकार्डाचं सवलतीचं तिकीट होतं. दहाच्या आधी इतक्या कमी भाड्याचं तिकीट चालत नाही, असं सांगून तपासनिसाने माझं म्हणणं वहीत उतरवलं आणि सही घेतली. कंपनीचं पत्र जुन्या होस्टेलवर गेलं, माझ्या हाती पाच आठवड्यांनी आलं. खटला भरू म्हणतात. नियम मला खरंच माहीत नव्हता. मित्र म्हणतात, सहा महिने गप्प बस. व्हिसाचं काय होईल?

उत्तर : रेलकार्डाच्या अटी किती अन्यायकारक आहेत यावर तुम्ही मला दीड पान लिहिलंत. त्यात पत्रावर कुठला कायदा आणि कुठलं कलम छापलंय, एवढंच नाही. अशी पत्रं मला नेहमी येतात आणि बहुतेकांत नेमकी हीच ओळ गाळलेली असते.

इंग्लंडमध्ये शक्यता दोन. एक, १८८९ च्या रेल्वे नियमन कायद्याचं कलम ५(३). त्यात भाडं चुकवायचा तुमचा हेतू होता हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. शिक्षा कागदावर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार पौंडांपर्यंत दंड. दुसरी, रेल्वेच्या २००५ च्या उपविधींपैकी, म्हणजे कायद्याच्या आधारे केलेल्या रेल्वेच्या नियमांपैकी, १८ क्रमांकाची. तिथे हेतूचा प्रश्नच नाही. वैध तिकीट नव्हतं, गुन्हा झाला. कैद नाही, दंडाची मर्यादा तीच. सुटायच्या वाटा मोजक्या: तिकीट काढायची सोयच नव्हती, किंवा तिकिटाशिवाय चढायची परवानगी फलकाने वा कर्मचाऱ्याने दिली होती. ‘नियम माहीत नव्हता’ यात कुठेच बसत नाही.

म्हणजे तुमच्या बचावाचं ते एकच वाक्य उपविधीखाली जवळजवळ निरुपयोगी आहे आणि कलम ५ खाली सगळा खटला त्याच्यावर उभा आहे. म्हणून पत्र पुन्हा उघडा.

आता ती वही. ‘काय लिहिलं होतं नीट आठवत नाही’, असं तुम्ही सहज लिहून मोकळे झालात. तिथे ‘माहीत होतं, पण उशीर झाला होता’ असं काही असेल, तर हेतूचा पुरावा तुमच्याच सहीने दिलेला आहे. आपल्याकडे लोकलमध्ये टीसी पकडतो, आपल्या रेल्वे कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे भाडं आणि वर किमान अडीचशे रुपये घेतो, पावती फाडतो, विषय मिटतो. तीच सवय घेऊन तुम्ही विमानात बसलात. इंग्लंडमध्ये तपासनीस प्रश्न विचारण्याआधी ‘तुम्ही बोलायला बांधील नाही’ अशी ताकीद देतो. ती ऐकू आली की न वाचता सही करायची नसते, एवढं तरी कळायला हवं होतं. असो. नोंदीची प्रत कंपनीकडे मागा. देतीलच असं नाही.

उत्तर लहान लिहा. पहिल्या ओळीत नवा पत्ता आणि पत्र उशिरा मिळाल्याचं कारण. मग काय घडलं ते चार वाक्यांत, वहीतल्या नोंदीशी विसंगत काहीही न लिहिता. मग उरलेलं भाडं आणि कंपनीचा खर्च भरून कोर्टाबाहेर मिटवायची तयारी. आईचं आजारपण, परीक्षेचा ताण, वंशभेद यांतलं जे खरं नाही ते घालू नका. जे खरं आहे तेही एका ओळीत. पत्रावर कलम ५ असेल तर मसुदा तिथल्या फौजदारी सॉलिसिटरला, म्हणजे वकिलाला, दाखवल्याशिवाय पाठवू नका. तोही परवडत नसेल तर विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेत सल्ला केंद्र आहे का ते विचारा. तडजोड स्वीकारायला कंपनी बांधील नाही. २०२४ मध्ये याच रेलकार्डाच्या याच अटीवरून, एक पौंड नव्वद पेन्सच्या फरकासाठी, एका तरुणावर खटल्याची धमकी आली होती. बोभाटा झाल्यावर कंपनीने माघार घेतली. तुमच्यासाठी बोभाटा होईल या भरवशावर राहू नका.

मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. घटनेपासून सहा महिन्यांत खटला सुरू व्हावा लागतो. सुरू व्हावा लागतो, संपावा लागत नाही. तुम्ही गप्प बसलात तर उपविधीचं प्रकरण एकाच न्यायदंडाधिकाऱ्यापुढे कागदोपत्री चालू शकतं: नोटीस, २१ दिवसांची मुदत, निकाल. नोटीस जुन्या होस्टेलवर गेली तर दोषी ठरल्याचं तुम्हाला दंडवसुलीच्या पत्रातून कळेल. १८८९ च्या कायद्याखालची प्रकरणं या मार्गाने चालवायचा कंपन्यांना अधिकारच नव्हता, हे तिथल्या कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं. तोवर हजारो लोक दोषी ठरून बसले होते. वेस्टमिन्स्टरच्या कोर्टाने आधी सहा प्रकरणं रद्द ठरवली, बाकीच्यांचा निस्तार मागाहून. न्यायालयं आपल्याकडचीच संथ, असं समजू नका.

व्हिसाबद्दल ठाम बोलणार नाही. कोर्टाबाहेरची तडजोड म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे नक्की. दोषी ठरलात तर पुढच्या अर्जांत ते सांगावं लागेल, आणि लपवलेलं उघडकीला आलं तर दंडापेक्षा तेच महाग पडतं. पुढचा अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

आणि जुन्या होस्टेलच्या टपालखोलीत आजच जाऊन या. कोर्टाचं पाकीट तिथे पडलं असेल आणि निकाल लागून गेला असेल, तर प्रकरणाची माहितीच नव्हती असं शपथेवर निवेदन देऊन ते पुन्हा उघडता येतं. त्याची मुदत तुम्हाला कळल्यापासून २१ दिवस.