शंकरशेट: ‘शेठ’ नव्हे, आणि आडनावही नव्हे

प्रश्न आहे: “नाना चौकातले नाना ‘शंकरशेट’ की ‘शंकरशेठ’? आणि शेठ म्हणजे ते गुजराती होते का?”

शेट. नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे पुढारी. आणि ते गुजराती मुळीच नव्हते. जन्म मुरबाडचा, १० फेब्रुवारी १८०३. ज्ञाती दैवज्ञ, म्हणजे सोनारांची; आडनाव मुरकुटे. शंकरशेट हे त्यांच्या वडिलांचं नाव, आदरार्थी ‘शेट’सकट. ‘शंकर शेठ’ असं तोडून लिहिलेलं पाहिलं की माझा जीव कळवळतो. बापाचं नाव मोडून मुलाला आडनाव चिकटवायचं, हा कुठला न्याय?

आता ‘ठ’बद्दल. संस्कृत ‘श्रेष्ठिन्’चं प्राकृतात ‘सेट्ठि’ झालं. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या शिलालेखात तो भेटतो: ‘वेजयंतितो सेठिना भूतपालेन’, म्हणजे वैजयंतीहून आलेल्या भूतपाल सेठीने. तेव्हा जोडाक्षरातलं द्वित्व लिहीत नसत, म्हणून एकच ठ. पण ठ होता ना, असं म्हणून ‘शेठ’ला शुद्ध ठरवणाऱ्यांनी मराठीचा स्वभावच पाहिलेला नाही. हिंदीत हाथ, मराठीत हात. हाथी, हत्ती. भीख, भीक. सीखना, शिकणं. सेठ, शेट! ‘ओठ’ आणि ‘पाठ’ यांत ठ टिकला आहे, हे मला मान्य. पण नेमका ‘ष्ठ’चाच दाखला हवा असेल तर बाळंतिणीच्या घरी जा. षष्ठीची सटी झाली, सटीची सटवाई. पाचव्या-सहाव्या रात्री बाळाच्या कपाळी लेख लिहायला येणारी ही देवता ‘ठ’ सोडूनच येते. शेटही तसाच आला. हा नियम घरात ऐकू येत असताना हिंदीकडून उसना उच्चार आणायचं कारण काय?

कोशांत ‘शेट’चा अर्थ ‘श्रीमंत व्यापारी’ एवढाच देऊन थांबतात, तेही मला पटत नाही. जुन्या मराठी कागदांत ‘शेटे-महाजन’ ही जोडी पेठेची वतनदार असते आणि ‘शेटेपण’ हे वतन असतं. म्हणजे शेट हा नुसता पैसेवाला नव्हता, तो पेठेला जबाबदार होता. शेटे, शेट्ये ही आडनावं त्याच घरातली असावीत, असं माझं ठाम मत आहे. कोकणात सोनारांना ‘शेट’ म्हणतात, त्यातही मला पेठेतल्या मानाचाच धागा दिसतो.

आणि आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. फोर्टातला रुस्तम सिधवा मार्ग पूर्वी ‘गनबो स्ट्रीट’ होता. किल्ल्याजवळ म्हणून ‘गन’, म्हणजे तोफ, असं छातीठोकपणे सांगणारे मी किती तरी ऐकले. साफ चूक! नानांचे पूर्वज गणबाशेट, अठराव्या शतकातले मुंबईचे व्यापारी, त्यांचं नाव त्या गल्लीला होतं. इंग्रजी जिभेने गणबाचा गनबो केला आणि शेट गाळूनच टाकला. तोफेचा काही संबंध नाही.

गणबाशेट, बाबुलशेट, शंकरशेट, जगन्नाथशेट: नानांच्या घराण्यातली ही चार नावं सलग मोठ्याने म्हणून पाहा. त्यात ‘ठ’ घालून म्हणता येतात का, तेही पाहा. मॅट्रिक झालेल्या जुन्या लोकांना ‘जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती’ विचारा. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली संस्कृतात मिळवलेली ती हीच. ती सांगतानाही ते ‘ट’च म्हणतील.