'जेएफके रीलोडेड'मध्ये गोळ्या लागूनही गुण का मिळत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या हत्येवरच्या 'जेएफके रीलोडेड' या गेममध्ये नेम बरोबर बसतो, तरी गुण अर्ध्यावरच अडकतात, असं का? आणि खऱ्या खुनावरचा गेम खेळणं बरं का?

आधी गुणांचं. तुम्ही मारेकऱ्याच्या जागी, सहाव्या मजल्याच्या खिडकीतून नेमबाजी करताय आणि गेम तुमची नक्कल तपासतोय. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये काय घडलं याचा जो क्रम हत्येच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने सप्टेंबर १९६४ च्या अहवालात मांडला, त्याच्याशी तुमच्या तीन गोळ्या ताडून १००० पैकी गुण दिले जातात. गोळी कधी सुटली, कुठे शिरली, कुठून निघाली, पुढे कोणाला लागली, हे सगळं धरून. केनेडींच्या पत्नी जॅकी यांना लागली तर गुण कापले जातात.

बहुतेकांचं घोडं वेळेच्या हिशेबात अडतं. त्यांच्याकडून तिन्ही गोळ्या सारख्या अंतराने झाडल्या जातात. आयोगाचा सगळा हिशेब तिथे हजर असलेल्या अब्राहम झाप्रुडर यांनी घरच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या सव्वीसेक सेकंदांच्या फिल्मवर आहे. तिचा वेग सेकंदाला १८.३ फ्रेम. डोक्याला गोळी लागते ती ३१३ व्या फ्रेमला. केनेडी आणि त्यांच्या पुढच्या सीटवरचे टेक्सासचे गव्हर्नर कॉनली, या दोघांना लागलेली गोळी आयोगाच्या मते २१० ते २२५ च्या दरम्यानची. वजाबाकी करून १८.३ ने भागा: ४.८ ते ५.६ सेकंद. मारेकऱ्याच्या कारकानो रायफलचा बोल्ट ओढून पुन्हा झाडायला कमीत कमी २.३ सेकंद लागतात, असं एफबीआयच्या चाचणीत निघालं होतं. म्हणजे तीनपैकी कोणालाच न लागता वाया गेलेली गोळी या दोन्हींच्या मध्ये कशीबशी मावते, तीही नीट नेम न धरता. नेमकी कुठली गोळी वाया गेली, हे आयोगानेही ठाम सांगितलं नाही. ती सगळ्यात आधी, १६० व्या फ्रेमच्या आसपास धरली तर एकूण आठ सेकंदांहून जास्त वेळ हाती येतो. मी तरी तिथूनच सुरुवात करा म्हणेन. पहिली लवकर घालवायची. मग एल्म स्ट्रीटच्या कडेचं ओकचं झाड मध्ये येतं (फिल्मच्या हिशेबात १६६ ते २१०), तोवर काहीच करायचं नाही. केनेडींची गाडी झाडाआडून बाहेर आली की दुसरी, आणि मनात पाच मोजून तिसरी. हे पाच सेकंद धीर सुटण्याइतके लांब वाटतात, कारण गाडी ताशी १८ किलोमीटरने, सायकलच्या चालीने चाललेली असते.

दुसऱ्या गोळीचं दुखणं निराळं. अहवालानुसार ती केनेडींच्या मानेच्या मागच्या बाजूने शिरून गळ्यातून बाहेर पडते, मग कॉनलींच्या पाठीत, बरगडीवरून उजव्या मनगटात आणि तिथून डाव्या मांडीत. रिप्ले थांबवून कॅमेरा गाडीच्या डोक्यावर न्या. कॉनलींची घडीची सीट मागच्या सीटपेक्षा खाली आणि दारापासून आत आहे. दोघं सरळ एकामागे एक बसलेत असं समजून काढलेल्या आकृत्या इंटरनेटवर फिरतात आणि त्यांत गोळीला हवेत वळावं लागतं. इथे रेषा सरळ जाते. पण शिरण्याची जागा जराशी हलली की मनगट चुकतं किंवा कॉनली सुटतातच, आणि गुण गळतात ते इथे.

कंपनीने लावलेली बक्षिसाची स्पर्धा चालू असतानाही १००० कोणाला पडले नाहीत. जिंकणाऱ्याचे ७८२ होते. तेव्हा तुमच्या अर्ध्या गुणांचं एवढं वाईट वाटून घेऊ नका.

एक प्रयोग मात्र करून बघा, गुण गेले तरी चालतील. गाडी एल्म स्ट्रीटला वळण्याआधी ह्यूस्टन स्ट्रीटवरून खिडकीच्या दिशेने समोर येत असतानाच झाडा. ही वेळ तुलनेने सोपी, मग मारेकऱ्याने ती का सोडली, हा प्रश्न साठ वर्षं विचारला जातोय. गेम उत्तर देत नाही, पण प्रश्न का पडतो ते खिडकीतून लगेच कळतं.

हा २००४ चा विंडोजवरचा गेम. कंपनीची साइट केव्हाच बंद झाली, त्यामुळे आज मिळतात त्या इकडून तिकडून फिरलेल्या प्रती. फाइल आधी अँटीव्हायरसमधून काढा, शक्यतो व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा. सुरूच होत नसेल तर प्रोग्रामवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी विंडोज एक्सपी करा आणि अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा.

आता बरं-वाईट. स्कॉटलंडच्या ट्रॅफिक गेम्सने तो हत्येच्या ४१ व्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी बाजारात आणला, किंमत ९.९९ डॉलर, आणि अहवाल जुळवणाऱ्याला एक लाख डॉलरपर्यंत बक्षीस लावलं. केनेडींचे धाकटे भाऊ, सिनेटर टेड केनेडी तेव्हा हयात होते. त्यांच्या प्रवक्त्याने याला नीच प्रकार म्हटलं. माझ्या मते किळस आणणारी गोष्ट ते बक्षीस आहे. एकट्या माणसाला हे जमणं शक्य होतं का, हे तपासायला संगणकावर प्रसंग उभा करण्यात मला वावगं वाटत नाही. त्यावर सोडत काढल्यासारखे पैसे लावले की अभ्यासाची भाषा पोकळ वाटायला लागते.

एकट्या माणसाला हे जमू शकत होतं हे गेममधून दिसतं, हा कंपनीचा दावाही जपूनच घ्या. गुण चांगले पडले तर एवढंच दिसतं की गेमच्या गणितात हा क्रम बसू शकतो. घटनास्थळाजवळच्या गवताळ टेकडीवर गोळी झाडणारा दुसरा कोणी होता का, या प्रश्नाला गेममध्ये जागाच नाही, कारण गोळी फक्त सहाव्या मजल्याच्या खिडकीतूनच सुटते. पोलिसांच्या ध्वनिमुद्रणावरून चौथी गोळी १९७९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने मानली आणि १९८२ मध्ये शास्त्रज्ञांच्या गटाने तो पुरावा खोडून काढला. ही भानगड वाचूनच समजून घ्यावी लागेल.

रक्त दाखवण्याचा पर्याय बंद करता येतो, तो बंदच ठेवा. गोळीचा मार्ग रिप्लेत त्याशिवायही दिसतो. यूट्यूबवर ड्रायव्हरला गोळी घालून गाडी भलतीकडे नेल्याचे जे व्हिडिओ दिसतात, ते गुणांच्या कामाचे नाहीत. ते बघून शिकायला जाऊ नका.