फोनवर विचारू नका, स्वतः जाऊन पाहा

परभणी जिल्ह्यातून लिहिलेला आपला मजकूर मी काल रात्री वाचला. लग्नाच्या वरातीतील फटाक्यांना घाबरून आपला कुत्रा मोती तीन दिवसांपूर्वी पळाला, आणि कुत्री पकडणाऱ्या कार्यालयात फोन केल्यावर "असे कुत्रे आमच्याकडे नाही" असे उत्तर मिळाल्याने आपण तो मार्ग सोडून दिला, असे आपण लिहिले आहे. त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहीत आहे, कारण नेमके तेच उत्तर ऐकून मीही तो मार्ग सोडला होता आणि त्यापायी माझी कुत्री आणखी आठवड्याहून अधिक काळ घराबाहेर राहिली. शेजाऱ्यांना विचारणे, गटांवर फोटो टाकणे ही कामे आपण केलीच असतील, म्हणून त्याविषयी लिहीत नाही.

आमची हरणी कारवानी जातीची, औसा तालुक्यातील एका आखाड्यावरून, म्हणजे शेतातील वस्तीवरून, पिल्लू असताना आणलेली. 12 नोव्हेंबर 2023 रोजी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले होते. सकाळी आम्ही तिलाही अंघोळ घातली, पट्टा ओला झाला म्हणून खुंटीला अडकवला, आणि संध्याकाळी पूजेच्या गडबडीत तो परत घालायचा राहिला. पहिल्याच मोठ्या माळेला ती फाटकावरून उडी मारून गेली. पट्टा नसणे ही मोठी चूक होतीच, परंतु मला सर्वांत महाग पडलेली चूक त्यानंतरची आहे.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर, शुक्रवारी 17 तारखेला, मी संबंधित कार्यालयात फोन केला. गावाचे आणि कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. "कोणत्या जातीची?" असे विचारले गेले, मी "कारवानी" असे सांगितले, आणि "कारवानी कोणतीच नाही" असे सांगून फोन ठेवण्यात आला. प्रत्यक्षात हरणी आदल्याच दिवशी, घरापासून सहा किलोमीटरवर, पकडली गेली होती आणि नोंदवहीत तिच्यापुढे "गावठी, मादी, तपकिरी" असे लिहिले होते. बारीक कंबर, लांब पाय, चार दिवसांची उपाशी आणि गळ्यात पट्टा नाही, अशा कुत्रीला कोणीही गावठीच म्हणेल. मी जातीऐवजी रंग, उंची आणि शेपटीचे पांढरे टोक सांगितले असते, किंवा रिक्षा करून सरळ पिंजऱ्यांपुढे जाऊन उभी राहिले असते, तर ती त्याच दुपारी घरी आली असती. ही नोंद मी महिन्याभराने, चौथ्या खेपेला, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. त्याआधीच्या तिन्ही खेपांना "साहेब नाहीत", "अर्ज आणा" आणि "सोमवारी या" हीच उत्तरे मिळाली होती.

पुढे काय होते हे आपण लक्षात घ्यावे, कारण मला ते ठाऊक नव्हते. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 अनुसार पकडलेल्या भटक्या कुत्र्याची नसबंदी होते, रेबीजची लस दिली जाते, ओळखीसाठी कानाची कड कापली जाते आणि जेथून पकडले त्याच परिसरात त्याला सोडले जाते. पट्टा नसलेले पाळीव कुत्रे त्यांच्या दृष्टीने भटकेच असते. हरणीलाही शस्त्रक्रियेनंतर 23 तारखेला त्याच अनोळखी रस्त्यावर सोडून देण्यात आले. शस्त्रक्रियेबद्दल माझी तक्रार नाही, नियमही मला योग्यच वाटतो. पकडल्याचे ठिकाण, तारीख आणि वेळ यांची नोंद ठेवावी लागते, तर तिच्यासोबत मोबाइलवरील एक फोटो ठेवायला काय हरकत आहे, आणि विचारणाऱ्या माणसाला पिंजऱ्यापर्यंत जाऊ द्यायला काय अडचण आहे, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि तो विचारताना मला आजही राग येतो.

आता तर हे अधिक महत्त्वाचे झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशानुसार शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणांहून उचललेली भटकी कुत्री पुन्हा तेथे सोडायची नाहीत. मी वकील नाही आणि आपल्या गावी अंमलबजावणी कशी चालते हे मी सांगू शकत नाही, परंतु मोती बसस्थानकाकडे गेला असेल तर तो त्या परिसरात परत दिसेल या भरवशावर राहू नये.

हरणी सापडली ती कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या राखणदारामुळे. आमच्या पत्रकावर तिचा लाल पट्टा आणि झूल घातलेला फोटो होता, म्हणून पोटावरचे केस काढलेली आणि कान कापलेली ती कुत्री हीच, हे त्याला दोन दिवस ओळखू आले नाही. शेवटी शेपटीच्या पांढऱ्या टोकावरून त्याने फोन केला. म्हणून पत्रकावर पट्ट्याशिवायचा, उभा, बाजूने काढलेला फोटो असावा. पत्रके मंदिरांच्या भिंतींवर कमी आणि पहाटे जागे असणाऱ्या माणसांच्या हातात जास्त द्यावीत, म्हणजे दूधवाले, घंटागाडीवरचे कर्मचारी, पेट्रोल पंपावरची रात्रपाळी, मांसविक्रेते.

घाबरलेले कुत्रे मालकाच्या हाकेलाही पळते, हे मला पटत नव्हते. राखणदाराच्या फोननंतरच्या पहिल्या पहाटे आम्ही चौघे हाका मारत तिच्यामागे धावलो आणि ती तुरीत शिरली. डोक्याएवढ्या तुरीत कुत्रे शोधता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले, तिची वाकळ बांधावर अंथरली, दुधात कुस्करलेली भाकरी शेजारी ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून खाली बसले. पाऊण तासाने ती स्वतःहून वाकळेवर येऊन बसली. सर्व कुत्री अशीच वागतील असे मी म्हणत नाही, पण पाठलाग करू नये याबाबत माझे मत ठाम आहे. घरी आणल्यावर ताबडतोब पशुवैद्यकाकडे जावे, कारण बाहेर झालेला चावा केसांत दिसत नाही आणि रेबीजच्या लसीबाबतचा निर्णय त्यांनीच घ्यायला हवा.

आपण मायक्रोचिपविषयी विचारले आहे. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यात 15 अंकी क्रमांक असतो. ती ठिकाण दाखवत नाही, आणि समोरच्याकडे वाचक यंत्र नसेल तर तिचा उपयोग होत नाही. ती बसवून घ्यावी, पण पट्ट्याऐवजी नव्हे. आम्ही आता दोन कापडी पट्टे ठेवतो, दोन्हींवर मोबाइल क्रमांक दोऱ्याने विणलेला आहे, आणि एक धुतला की दुसरा तेव्हाच गळ्यात जातो. ब्लूटूथवर चालणारे छोटे बिल्ले आसपासच्या लोकांच्या फोनवर अवलंबून असतात, त्यामुळे बाजारात ठीक, शिवारात नाही.

उद्या कार्यालय उघडण्याच्या वेळी मोतीचे दोन फोटो आणि साखळी घेऊन आपण स्वतः जावे, जात सांगू नये, पिंजरे दाखवण्याची विनंती करावी, आणि मोती पळाल्यापासून पकडलेल्या तसेच सोडलेल्या कुत्र्यांच्या नोंदी पाहाव्यात. त्या दिवशी दिसला नाही तर एक दिवसाआड पुन्हा जावे. आणखी एक गोष्ट आजच करावी. आपण मोतीच्या डाव्या पायाच्या पंजावरील जुन्या व्रणाचाही उल्लेख केला आहे. तो मजकुरातून काढून टाकावा आणि फोन करणाऱ्याला पारखण्यासाठी स्वतःपुरता ठेवावा. "कुत्रे माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा" असे फोन आम्हाला तीन आले होते, आणि शेपटीचे टोकही आम्ही छापून बसलो असल्याने खरे-खोटे ठरवायला आमच्याकडे काहीच उरले नव्हते.